लॉगची चाळण नेमकी कुठे लावायची: पायथॉन प्रकल्पासाठी पायरीपायरीने

एका पतसंस्थेच्या पिग्मी वसुलीचं सर्व्हरवरचं काम काही काळ माझ्याकडे होतं. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजचे शंभर-दोनशे रुपये गोळा करतो, मोबाइलवर नोंद टाकतो आणि खातेदाराला एसएमएस जातो. एके सकाळी भाजी विकणाऱ्या एक मावशी शाखेत आल्या. काल पैसे एकदाच दिले, एसएमएस मात्र दोन आले. मग खात्यात शंभर पडले की दोनशे? व्यवस्थापकांनी मला फोन लावला.

मी लॉग, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या हालचाली ओळीओळीने लिहून ठेवतो ती नोंद, उघडला. डेटाबेसच्या क्वेरी आणि ‘सर्व्हर जिवंत आहे का’ या तपासणीच्या ओळींचा नुसता रेंदा होता. त्यातून शोधून काढलं तर त्या पावतीच्या दोन ओळी सापडल्या, शब्दशः सारख्या. धाबं दणाणलं. दिवसभर एजंटच्या नोंदी आणि खातं ताडून पाहिलं तेव्हा कळलं की पावती एकच पडली होती, लॉगची ओळच दोनदा छापली जात होती. एसएमएस दोनदा का गेला, याचं उत्तर तर लॉगमध्ये नव्हतंच, कारण एसएमएसच्या मॉड्यूलची एकही ओळ त्यात येत नव्हती.

म्हणजे नको ते भरमसाट, हवं ते दुप्पट आणि सगळ्यांत गरजेचं ते गायब. या तिन्ही चुकांचं मूळ एकच निघालं. चाळण होती, पण चुकीच्या जागी लावलेली. म्हणून हा लेख लिहिताना मी ‘कोणती चाळण’ यापेक्षा ‘कुठे’ यावर जास्त थांबणार आहे. उदाहरण पायथॉनच्या अंगच्या लॉगिंग मॉड्यूलचं आहे.

आधी ओळीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा

हे मॉड्यूल २००३ साली पायथॉन २.३ सोबत आलं. विनय साजीप आणि ट्रेंट मिक यांचा पेप २८२ हा प्रस्ताव त्यामागे आहे. जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीची त्यावर छाप आहे. गेटलॉगर, सेटलेव्हल ही नावं पायथॉनच्या नेहमीच्या अंडरस्कोरवाल्या शैलीत नाहीत ती त्यामुळेच.

तुम्ही कोडमध्ये लॉगरला (लॉग लिहिणाऱ्या, नाव दिलेल्या वस्तूला) एक इन्फो ओळ लिहायला सांगितली की पहिल्यांदा त्या लॉगरची लेव्हल तपासली जाते. लेव्हल म्हणजे साधे आकडे: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. लॉगरला स्वतःची लेव्हल दिलेली नसेल तर त्याच्या आईची (नावांच्या साखळीत त्याच्या वरच्या लॉगरची) पाहिली जाते, तिलाही नसेल तर आजीची, अशी थेट रूट लॉगरपर्यंत. रूटची मूळ लेव्हल वॉर्निंग असते. ‘इन्फो लिहितोय पण काहीच दिसत नाही’ ही नवशिक्यांची पहिली तक्रार इथूनच येते.

लेव्हलमधून पार झालं की रेकॉर्ड नावाची वस्तू तयार होते. मग त्या लॉगरवरचे फिल्टर, म्हणजे ओळ ठेवायची की गाळायची हे ठरवणाऱ्या चाळण्या, चालतात. त्यानंतर रेकॉर्ड हँडलरकडे, म्हणजे ओळ पडद्यावर किंवा फाइलमध्ये पोचवणाऱ्याकडे, जातं: आधी त्या लॉगरचे हँडलर, मग आईचे, मग वर रूटचे. प्रत्येक हँडलर आपली लेव्हल आणि आपले फिल्टर लावतो आणि शेवटी फॉर्मॅटर त्याची ओळ बनवतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रेकॉर्ड वर चढत जाताना वरच्या लॉगरची लेव्हल किंवा त्याचे फिल्टर पुन्हा विचारात घेतले जात नाहीत. वरच्यांचे फक्त हँडलर वापरले जातात. रूट लॉगरवर तुम्ही मोबाइल नंबर झाकणारा फिल्टर लावला आणि ओळ ‘पिग्मी.पावती’ या लॉगरवर जन्मली, तर तो फिल्टर तिला शिवतही नाही. रूट लॉगरवर लावलं म्हणजे सगळ्यांना लागू झालं, अशी समजूत मी अनुभवी लोकांचीही पाहिली आहे. सगळ्यांना लागू हवं असेल तर फिल्टर हँडलरवर लावायचा. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

नावं आणि लेव्हल

प्रत्येक फाइलच्या वरच्या भागात गेटलॉगरला त्या मॉड्यूलचं नाव द्या, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं ‘नेम’. पिग्मी नावाच्या पॅकेजमध्ये पावती आणि एसएमएस ही मॉड्यूल असतील तर ‘पिग्मी.पावती’ आणि ‘पिग्मी.एसएमएस’ असे लॉगर आपोआप मिळतात आणि मधल्या टिंबामुळे दोघांची आई ‘पिग्मी’ ठरते. पुढची सगळी चाळणी या नावांवर चालते. थेट लॉगिंग मॉड्यूलवरच इन्फो किंवा एरर म्हणायची सवय असेल तर ती आधी सोडा, कारण त्या सगळ्या ओळी रूटच्या नावावर पडतात आणि मग कोणाची ओळ कोणती हे वेगळं काढता येत नाही.

लेव्हल ठरवताना मी स्वतःला एकच विचारतो: ही ओळ कोण, कधी वाचणार? पावती नोंदली गेली, दिवसाची वसुली जमा झाली, अशा धंद्यातल्या घटना इन्फो. एसएमएस पहिल्या प्रयत्नात गेला नाही, दुसऱ्यात गेला, हे वॉर्निंग. उद्या निवांतपणे पाहायचं. कोणाचं तरी काम अडलं तर एरर. एजंटने पासवर्ड चुकीचा टाकला हा एरर नाही, तो माणसांचा रोजचा व्यवहार आहे. त्याला एरर ठरवलं की खरी एरर आली तरी कोणी मान वर करून पाहत नाही.

लिहिताना मजकुरात किमती आधीच गुंफू नका. एफ-स्ट्रिंग (किमती आतच घालून तयार होणारा मजकूर) वापरली तर डीबग बंद असतानाही ती दर वेळी तयार होते. त्याऐवजी टक्का-एस असलेला साचा आणि किमती वेगळ्या द्या. ओळ खरोखर छापायची असेल तेव्हाच जोडणी होते. आणि एक्सेप्शन (कोड चालताना उद्भवलेली चूक) पकडल्यावर ते एकदाच लिहा. खालच्या थराने लिहून वर फेकायचं, मधल्याने पुन्हा लिहायचं, असं केलं की एकाच अपघाताचे तीन पंचनामे होतात.

सगळी मांडणी एका ठिकाणी

बेसिककॉन्फिग हे मांडणी लावणारं सोपं फंक्शन छोट्या स्क्रिप्टला पुरे. त्यात एक खोच आहे: रूटवर आधीच एखादा हँडलर असेल तर ते काहीही न करता गप्प परत येतं. पायथॉन ३.८ पासून फोर्स हा पर्याय ट्रू दिला की आधीचे हँडलर काढून ते नव्याने मांडणी करतं. खऱ्या प्रकल्पाला मात्र डिक्टकॉन्फिगच घ्या. ते पायथॉन २.७ आणि ३.२ पासून आहे.

डिक्टकॉन्फिगला एक डिक्शनरी द्यायची. त्यात व्हर्जन ही की १ या किमतीसह असावीच लागते. मग फॉर्मॅटर्स, फिल्टर्स, हँडलर्स, लॉगर्स आणि रूट असे कप्पे. माझी सुरुवातीची मांडणी अशी असते: एकच हँडलर, तो स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमच्या नेहमीच्या छपाईच्या प्रवाहावर) लिहिणारा आणि फक्त रूटला जोडलेला. रूटची लेव्हल वॉर्निंग, ‘पिग्मी’ची इन्फो. ‘पिग्मी’ला स्वतःचा हँडलर द्यायचा नाही.

आमच्या दुप्पट ओळींचं कारण नेमकं हेच होतं. ‘पिग्मी’लाही हँडलर, रूटलाही हँडलर. रेकॉर्ड आधी पहिल्याकडे छापलं जायचं आणि वर चढून दुसऱ्याकडे पुन्हा. एखाद्या शाखेला खरंच वेगळा हँडलर हवा असेल तर तिथे प्रोपगेट फॉल्स करा, म्हणजे रेकॉर्ड वर चढत नाही. बाकी सगळीकडे हँडलर रूटवरच ठेवा.

आणि एसएमएसच्या ओळी का गायब होत्या? डिक्टकॉन्फिगमधला ‘डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स’ हा पर्याय न दिल्यास ट्रू मानला जातो. मांडणी लागू होण्याआधी जे लॉगर तयार झालेले असतात आणि ज्यांचं किंवा ज्यांच्या पूर्वजांचं नाव डिक्शनरीत नसतं, ते सगळे त्यामुळे बंद पडतात. आमचं एसएमएसचं मॉड्यूल ‘पिग्मी’च्या बाहेर, वेगळ्या पॅकेजात होतं आणि मांडणीच्या आधी इम्पोर्ट होत होतं. त्याचा लॉगर मुका झाला. अशा लॉगरवर एरर आणि क्रिटिकलसुद्धा गिळले जातात, कुठेही सूचना येत नाही. हा पर्याय नेहमी स्वतःच्या हाताने फॉल्स लिहा. आणि डिक्टकॉन्फिगची हाक प्रोग्रॅम सुरू होताना, शक्य तितक्या वर, एकदाच मारा.

फॉर्मॅटरमध्ये वेळ, लेव्हल, लॉगरचं नाव आणि मजकूर एवढं तरी हवंच. वेळेबद्दल दोन शब्द. ढगातले सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळी साडेसातची पावती दुपारी दोनची दिसते आणि एसएमएस कंपनीच्या अहवालाशी ताळमेळ लागत नाही. वेळेच्या साच्यात टक्का-झेड घालून फरक छापा, मग घड्याळ कोणतंही असो, संशय राहत नाही. मात्र स्वतःचा साचा दिला की मिलिसेकंद निघून जातात. ते ‘एमसेक्स’ या फील्डने वेगळे जोडावे लागतात. आमची ओळ शेवटी अशी स्थिरावली:

१९:४२:०८.११७ +०५३० इन्फो पिग्मी.पावती विनंती=७३४१ पावती=८८१२ रक्कम=१०० नोंद झाली

मराठी नावं लॉगमध्ये येणार असतील तर आणखी दोन जागा सांभाळा. फाइल हँडलरला एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट द्या. विंडोजवर न दिल्यास यंत्राचं जुनं एन्कोडिंग लागू शकतं आणि देवनागरी ओळ लिहिताना चूक होऊन ती ओळच हरवते. जेसन स्वरूपात लॉग लिहीत असाल तर ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स करा. नाहीतर प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला जातो आणि ‘सुनीता’ शोधल्यावर काहीच सापडत नाही.

गोंगाट कमी करताना

आता भरड चाळण. बाहेरच्या लायब्ररींची लेव्हल नावानिशी वर चढवा. वेबवर विनंत्या पाठवणारं युआरएललिब३ डीबगमध्ये प्रत्येक जोडणीची ओळ लिहितं, ते वॉर्निंगवर ठेवा. डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमीचा ‘एसक्यूएलअल्केमी.इंजिन’ हा लॉगर इन्फोवर असला की प्रत्येक क्वेरी छापतो, तोही वॉर्निंगवर. इंजिन बनवताना कोणी इको ट्रू ठेवून गेलं आहे का, हे पाहायला विसरू नका. तो पर्याय स्वतःचा हँडलर जोडतो, म्हणजे पुन्हा दुप्पट ओळी. क्वेरी पाहायच्याच असतील तर इको बंद ठेवून लॉगरची लेव्हल बदला.

काही गोंगाट लेव्हलने जात नाही, त्याला बारीक चाळण लागते. लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारा) दर दहा सेकंदांनी ‘हेल्थ’ या पत्त्यावर विचारणा करत असेल तर एका दिवसात एका सर्व्हरवर ८,६४० ओळी होतात. युव्हिकॉर्न या पायथॉनच्या वेब सर्व्हरमध्ये या ओळी ‘युव्हिकॉर्न.ॲक्सेस’ या लॉगरवर इन्फो लेव्हलने येतात. तो लॉगर पूर्ण बंद केला तर खऱ्या विनंत्याही जातात.

इथे फिल्टर लिहायचा. पायथॉन ३.२ पासून त्यासाठी क्लास लागत नाही. रेकॉर्ड घेणारं आणि ट्रू किंवा फॉल्स परत करणारं साधं फंक्शन चालतं. युव्हिकॉर्नच्या या रेकॉर्डच्या आर्ग्समध्ये (मजकुरात भरायच्या किमतींत) क्रमाने ग्राहकाचा पत्ता, मेथड, पाथ, एचटीटीपीची आवृत्ती आणि स्टेटस (उत्तराचा क्रमांक, २०० म्हणजे ठीक) असतो. पाथ ‘हेल्थ’चा आणि स्टेटस २०० असेल तरच फॉल्स परत करा. दुसरी अट गाळू नका. तपासणी नापास झाली, ५०३ आला, तर तीच ओळ तुम्हाला सगळ्यांत आधी हवी असते. मजकुरात ‘हेल्थ’ शब्द शोधून गाळणारे फिल्टर मी पाहिले आहेत. आरोग्य विम्याच्या पानाचा पत्ता तशाच नावाचा निघाला तर त्याच्याही ओळी निमूटपणे जातात.

हा फिल्टर लॉगरवर लावला तरी चालतो, कारण या ओळी त्याच लॉगरवर जन्मतात. फक्त युव्हिकॉर्न सुरू होताना स्वतःचीच मांडणी लावतो, हे ध्यानात ठेवा. त्याच्या लॉग-कॉन्फिगला नन दिलं की तो हात लावत नाही आणि तुमचीच डिक्शनरी चालते.

प्रत्येक ओळीला विनंतीचा क्रमांक

एकाच वेळी चाळीस एजंट नोंदी टाकत असतात तेव्हा ओळी एकमेकींत मिसळतात. विनंती आत आली की तिला एक क्रमांक द्या, तो कॉन्टेक्स्टव्हार्समध्ये ठेवा. हे मॉड्यूल पायथॉन ३.७ पासून आहे आणि थ्रेड असोत वा असिंक कामं, प्रत्येकाची किंमत वेगळी सांभाळतं. मग असा फिल्टर लिहा जो काहीच गाळत नाही: रेकॉर्डवर विनंतीचा क्रमांक चिकटवतो आणि कायम ट्रू देतो.

हा फिल्टर हँडलरवरच हवा. फॉर्मॅटरमध्ये विनंतीचं फील्ड मागितलं आहे आणि लायब्ररीच्या ओळीवर ते नाही, असं झालं की ती ओळ छापताना चूक होते. हँडलरवर लावला की येणाऱ्या प्रत्येक ओळीला क्रमांक मिळतो.

यात एक खोल खड्डा आहे. वेग वाढवायला क्यूहँडलर (ओळी रांगेत टाकणारा) आणि क्यूलिसनर (रांगेतून उचलणारा) वापरत असाल तर प्रत्यक्ष लिहिणारा हँडलर दुसऱ्याच थ्रेडमध्ये चालतो. तिथे कॉन्टेक्स्ट रिकामा असतो, म्हणजे फिल्टर चालतो पण क्रमांक येत नाही. फिल्टर क्यूहँडलरवर लावा, कारण तो विनंतीच्याच थ्रेडमध्ये चालतो.

खाजगी माहिती: वस्त्रगाळ चाळण

३ मे २०१८ रोजी ट्विटरने आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. एका चुकीमुळे पासवर्ड झाकले जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. एवढ्या मोठ्या कंपनीत जे घडलं ते पतसंस्थेच्या सर्व्हरवर सहज घडू शकतं आणि तिथे तर मोबाइल नंबर, आधार, पॅन सगळंच असतं.

पहिला उपाय म्हणजे न लिहिणं. ओटीपी आणि पासवर्ड कोणत्याही लेव्हलला लिहायचे नाहीत; विनंतीचा अख्खा मजकूर ओतायचा नाही. एसक्यूएलअल्केमीच्या इंजिनला ‘हाइड पॅरामीटर्स’ ट्रू द्या, म्हणजे क्वेरीतल्या किमती लॉगमध्ये आणि चुकीच्या संदेशात दिसत नाहीत. झाकणारी चाळण हा दुसरा बंधारा आहे, पहिला नव्हे.

ही चाळण मी फिल्टरमध्ये ठेवत नाही, फॉर्मॅटरमध्ये ठेवतो. फिल्टरला मजकूर आणि आर्ग्स दिसतात, पण एक्सेप्शनचा ट्रेसबॅक (चूक कुठून आली याचा माग) तेव्हा अजून मजकुरात रूपांतरित झालेला नसतो. ते काम फॉर्मॅटर करतो. ‘अवैध नंबर: ९८…’ असं ट्रेसबॅकच्या शेवटच्या ओळीत आलं तर फिल्टरला पत्ताही लागत नाही. म्हणून फॉर्मॅटरचा उपवर्ग करा, त्याच्या फॉर्मॅट मेथडमध्ये आधी मूळ फॉर्मॅट चालवून पूर्ण ओळ घ्या आणि मग तिच्यावर रेजेक्स (मजकुरातला ठरावीक साचा शोधणारं सूत्र) फिरवा. जेवढे हँडलर तेवढ्या सगळ्यांना हाच फॉर्मॅटर हवा.

रेजेक्स लिहिताना मोबाइलसाठी दहा आकडे, पहिला ६ ते ९. आधारसाठी बारा आकडे, चार-चारच्या गटात मधे मोकळी जागा असू शकते. पॅनसाठी पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. शेवटचे चार आकडे ठेवले तर खातेदार ओळखायला मदत होते.

इथे मराठी वापरणाऱ्यांसाठी खास सापळा आहे. पायथॉन ३ मध्ये आकड्यांसाठी असलेलं बॅकस्लॅश-डी देवनागरी आकडेही पकडतं, पण ‘६ ते ९’ हा गट इंग्रजी आकड्यांत लिहिला तर तो फक्त इंग्रजी आकडेच पकडतो. आमच्या ॲपमधल्या शेऱ्याच्या रकान्यात एजंट मराठी कीबोर्डने देवनागरीत नंबर लिहायचे आणि ते नंबर चाळणीतून सरळ खाली पडायचे. त्या गटात इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही मालिका लिहा.

त्याच शेऱ्याच्या रकान्यात कोणी नवी ओळ घातली तर लॉगमध्ये खोटी ओळ तयार करता येते, जणू सर्व्हरनेच लिहिली आहे. बाहेरून आलेला मजकूर लिहिताना टक्का-एस ऐवजी टक्का-आर वापरा. नवी ओळ मग चिन्ह म्हणून छापली जाते.

कुठे ठेवायचं, किती दिवस

फाइलमध्ये लिहीत असाल तर रोटेटिंगफाइलहँडलरला मॅक्सबाइट्स आणि बॅकअपकाउंट दोन्ही द्या. दोघांपैकी एकही शून्य असेल तर फाइल कधीच फिरत नाही, डिस्क भरेपर्यंत वाढते. शिवाय एकाच फाइलवर अनेक प्रोसेस लिहिणं या मॉड्यूलला झेपत नाही. गुनिकॉर्न या वेब सर्व्हरचे चार वर्कर असतील तर एकाने फाइल फिरवली की बाकीचे तीन जुन्यावरच लिहीत बसतात. म्हणून मी स्टँडर्ड आउटपुट पसंत करतो. साठवण्याचं काम लिनक्सवरच्या सिस्टमडीच्या जर्नलकडे किंवा कंटेनर चालवणाऱ्या डॉकरकडे. पण डॉकरच्या जेसन-फाइल ड्रायव्हरला मूळात आकाराची मर्यादा नसते, ती मॅक्स-साइझने घालावी लागते.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश लागू होणाऱ्या संस्थांना आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवस सांभाळणं बंधनकारक आहे. त्याच आदेशात सर्व्हरचं घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळतं ठेवायलाही सांगितलं आहे. गोंगाट आधी गाळला नसेल तर हे १८० दिवस साठवणीच्या बिलात दिसतात.

चाळणीची चाचणी

मांडणीलाही टेस्ट लागते, हे मी त्या मावशींच्या प्रसंगानंतर शिकलो. पायथॉनच्या चाचण्यांसाठीच्या युनिटटेस्ट मॉड्यूलमधलं असर्टलॉग्ज अपेक्षित ओळ आली का हे सांगतं, पण ते स्वतःचा हँडलर तात्पुरता बसवतं, त्यामुळे तुमचे हँडलर आणि फॉर्मॅटर त्यात तपासले जात नाहीत. त्यासाठी खरी डिक्शनरी लागू करा, हँडलरचा प्रवाह मेमरीतल्या स्ट्रिंगआयओकडे वळवा आणि ओळी मोजा.

माझ्या चार टेस्ट ठरलेल्या आहेत. एक पावती टाकली की तिची ओळ नेमकी एकदाच येते. एसएमएसच्या लॉगरवर लिहिलेलं वॉर्निंग पोचतं. ‘हेल्थ’चा २०० दिसत नाही आणि ५०३ दिसतो. मोबाइल नंबर असलेलं एक्सेप्शन फेकलं की तो इंग्रजी आणि देवनागरी, दोन्ही आकड्यांत झाकलेला येतो.

लॉगर पुन्हा बोलू लागल्यावर आठवडाभरात तसाच एक दुहेरी एसएमएस निघाला. या वेळी एकाच विनंती क्रमांकाखाली तीन ओळी होत्या: पावती नोंद झाली, एसएमएस कंपनीकडून वेळेत उत्तर नाही, दुसरा प्रयत्न यशस्वी. पहिला एसएमएसही मुळात गेलेलाच होता, फक्त पोच उशिरा आली होती. दुसऱ्या प्रयत्नाआधी पावतीच्या क्रमांकावरून पोच तपासायची एक अट कोडमध्ये घातली आणि व्यवस्थापकांना फोन केला.